शेवटच्या शिट्टीनंतर

कॅलोवे, टेक्सस
शुक्रवार, १५ नोव्हेंबर १९७४

लाडक्या व्हर्ननला नेल्डाताईचे खूप आशीर्वाद.

सामना संपल्यावरच वाचतो आहेस ना? हॉलिसअंकलना बजावलंय, शेवटची शिट्टी झाल्याशिवाय पत्र हातात द्यायचं नाही. जिंकला असशील तर शाबास. हरला असशील तरी चेंडू हातात घेऊन संघ चालवणारा आमचा क्वार्टरबॅक तूच.

इकडे थंडी पडली. कपाशीची वेचणी उरकत आली. शेजारणींनी इतकं खायला आणून ठेवलंय की ओट्यावर हात टेकायला जागा नाही. मिसेस टिडवेलचा तो पेकानच्या दाण्यांचा चिकट, गोड 'पाय'सुद्धा आलाय. खाणारं कुणी नाही.

सारखी तुमची अंगणातली शिकवणी आठवते. डॅडी स्वयंपाकघरातल्या खुर्च्या ओळीने मांडायचे. ती समोरच्या संघाची आघाडीची रांग. तुला पाठ फिरवायला लावून एखादी खुर्ची वीतभर सरकवायचे.

"वळ! कोण हललं?"

"कडेचा. बाहेर सरकला."

"मग फट कुठे पडली?"

"त्याच्या आतल्या अंगाला."

"मग चेंडू तिकडून काढ की गाढवा! तो काय तुला पत्रिका पाठवणार आहे?"

आतून ममा ओरडायची, "आधी माझ्या खुर्च्या आत आणा! घोड्यांसारखं उभ्याने जेवायचं का आम्ही?"

माणूस डोळ्यांनी फसवतो, डॅडी म्हणायचे, तो उभा कुठे आहे ते बघ. गेल्या महिन्यात मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. खोकला आहे एवढंच तुला कळवलं होतं. डॉक्टर टेबलामागून उठले आणि खुर्ची ओढून डॅडींच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी तोंड उघडायच्या आत डॅडी माझ्या कानात म्हणाले, "नेल्डा, यानं जागा बदलली. आता हा अंगावर येणार." आणि हसले. मला नाही हसता आलं.

किती लांबण लावू? व्हर्नन, डॅडी बुधवारी सकाळी गेले. फुप्फुसाचा कॅन्सर होता. मी जवळ होते, एवढंच समाधान.

त्यांनी मला शपथ घातली होती. "शनिवारचा सामना होईपर्यंत पोराला कळता कामा नये. डोळ्यांत पाणी आलं तर समोरची रांग त्याला दिसायची कशी? झोपवतील त्याला मैदानात." मंगळवारी तुझा फोन आला तेव्हा ते शेजारच्या खोलीत धापा टाकत होते, आणि मी तुला सांगितलं, झोपलेत. त्यांचा निरोप घेण्याचा तुझा हक्क मी हिरावून घेतला. बरोबर केलं की चूक, मला खरंच कळत नाही रे.

आणखी एक सांगून गेलेत. "मला पुरून मोकळे व्हा. त्याची वाट बघत बसू नका."

तेवढं मात्र मी ऐकलेलं नाही. पाद्रीबाबा कुरकुरले, तरी सोमवारपर्यंत थांबवलंय. अंकलची गाडी बाहेर उभी असेल. कपडे बदलत बसू नकोस, तसाच ये. माझ्यावर रागाव, हवं तेवढं बोल, पण इथे येऊन बोल.

तुझ्याशी खोटं बोललेली, दारात उभी असलेली,
नेल्डा