सगळ्यांची एकच दुरुस्ती

वर्धा
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. अपेक्षास,
मामा-मामीचा भरभरून आशीर्वाद. इकडे आम्ही मजेत. काल मामीनं तुझ्या आवडीचा झुणका केला, अन् मग आठवलं, पोरगी तर मायकडं रोहण्याले! तू फोन बंद करून बसली, म्हणून तुमच्या गावाकडं निघालेल्या कैलासजवळ हे पत्र देऊन राह्यलो.

आज आपला रविवारचा कॉम्प्युटरचा वर्ग भरला. सपना, आदेश, सगळी पोरं आली, पण लक्ष कोणाचंच नव्हतं. सपना तुझ्या खुर्चीवर कोणाले बसू देत नाई.

बाई, एवढं झालं तरी काय? ग्रंथालयाच्या त्या मोफत प्रोग्राममधली चूक तूच शोधली. पुस्तक परत केलं तरी आपल्या नावावरच दिसे. तो प्रोग्राम कोणीही उघडून पाहावा अन् दुरुस्ती सुचवावी, असा खुला. तुझी पहिलीच दुरुस्ती! पण एकटीनं पाठवायच्या ऐवजी तू डब्यातल्या पोळीसारखी ती वर्गभर वाटली. सगळ्यांनी आपापल्या नावानं तीच पाठवली. प्रोग्राम सांभाळणाऱ्या मंडळीले वाटलं, कोणीतरी टवाळी करून राह्यलं. त्यांनी सगळ्याच नाकारल्या, वरून चारचौघांत सुनावलं, अन् तू थेट घर गाठलं.

मले हसूही आलं अन् रागही. एकटीनं पुढं व्हायची तुले लाज काऊन वाटते? पण इतकी मायाळू गडबड आपलीच पोरं करू शकतात, हेही खरं.

सपनानं त्या प्रोग्रामवाल्यांले सगळं समजावून लिहिलं. उत्तर आलं, जिनं चूक शोधली तिनंच पाठवावी, आम्ही आनंदानं घेऊ. आदेश म्हणे, "सर, मीच पाठवून देऊ का?" म्हटलं, "हात तर लावून दाखव!"

बघ, इतकं लिहिलं, पण जे लिहायले बसलो ते राहूनच गेलं. ताईचा फोन आलता. तू कॉलेज सोडणार म्हणे, अन् खोलीवरचं तुझं सामान मी घेऊन यावं. मी 'हो' म्हटलं. तुझ्या मायपुढं माझं कधी चाललं? काल खोलीवर गेलो, पुस्तकं बांधायले घेतली अन् रडूच कोसळलं, पोरी. आम्हाले लेकरू नाई. तू वर्ध्याले आली तेव्हापासून घरात जरा आवाज आहे.

म्हणून पुस्तकं परत फळीवर ठेवली. शनिवारी पहिल्या बसनं रोहण्याले येतो. ताई रागावली तर मी ऐकून घेईन. ती दुरुस्ती मात्र त्याआधी पाठवजो, एकटीच्या नावानं.

सामान न आणता, तुलेच न्यायले येणारा,
देवेंद्रमामा