बाईच्या गावी गाडी नेली

१२ नोव्हें., मुर्डोली

दुसरा दिवस. नलिनी गाडी चालवते, मी सायकल. रिटायर झाल्यावर वर्षभर खपून जुन्या स्कूलव्हॅनचं घर केलं. पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, घडीचा कमोडसुद्धा. गोंदियाहून निघाल्यापासून जिथे थांबू तिथे लोक वाकून आत बघतात. "अंकल, अंदर सोते हो क्या?" मला काय, सांगायला आवडतंच. नलिनी म्हणते, लग्नात एवढे मिरवला नव्हतात.

बाईला फोन केला. उद्या तिच्या गावची मंडई, दिवाळीनंतरची जत्रा, घरोघर पाहुणे. म्हटलं येतो, पण जेवणं-झोपणं सगळं गाडीत, तू काही करू नको. "बरं," म्हणाली. एवढंच. मोठी बहीण, तिचंही वय झालं. तेवढाच तिचा त्रास वाचला.

१३ नोव्हें., बाईचं गाव

सकाळी कोहमाऱ्यापर्यंत गाडीत, तिथून सायकल काढली. पुढे हमरस्ता सोडून चुलबंदच्या काठाकाठानं. धानाच्या बांध्या कापून झाल्यात, त्या शेतांत लाखोळीची डाळ उगवून आलीय. नदी रेतीतून वाकडीतिकडी, पाणी घोट्याएवढं. पलीकडे जंगल. असा रस्ता जन्मात पाहिला नव्हता. म्हणजे पाहिला होता, पण बसच्या खिडकीतून, घड्याळाकडे बघत.

सायकल मला बाईनंच शिकवली. नहराच्या पाळीवर कॅरिअर धरून मागे धावायची. तिला स्वतःला येत नव्हती, कुणी शिकवली नाही. कुणी म्हणजे मीसुद्धा.

गाडी शाळेच्या मैदानात लावली. मंडई राहिली बाजूला, अर्धं गाव गाडीभोवती. एकेक वस्तू काढून दाखवली. कमोड उघडून दाखवला तेव्हा मोठा हशा. बाई मागे उभी, पदर तोंडाला. वाटलं, हसतेय.

"जेवाले चाला," म्हणाली. नलिनीला ॲसिडिटी, खिचडी आधीच टाकलेली. म्हटलं, आमचं झालं बाई. घरी जाऊन चहा तेवढा घेतला. ओसरीत. आत गेलोच नाही.

१४ नोव्हें., तिथेच, नंतर रस्त्यात

सकाळी निरोप घ्यायला गेलो. नलिनी हात धुवायला मागच्या अंगणात गेली, लवकर येईना. आली ती चेहरा पडून. मागोमाग बाईची सून प्रमिला. "मामाजी, मामीसाठी खुर्चीचा संडास बसवला ना आत्याबाईनं. दिवाळीच्या आंधीच. मामीले खाली बसता येत नाई म्हनून."

गेली तीन वर्षं मीच सांगत आलोय : नलिनीचे गुडघे, बाई, कसं येणार? अर्धं खरं. अर्धी माझी टाळाटाळ. तिनं ते सगळंच खरं मानलं.

आतल्या खोलीत डोकावलो. दोन गाद्या, नवे अभ्रे, मच्छरदाणी बांधलेली. रात्री कुणीच झोपलेलं नाही. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि ही खोली तिनं आमच्यासाठी राखून ठेवली.

आणि मी चारचौघांत तिच्यासमोर कमोड उघडून...

म्हटलं, "बाई, आज रायतो."

"कायले? तुयं घर तुया संगं हाये. माया घराचं तुले काय काम?"

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. दरवेळी निघताना नव्या तांदळाची थैली देते, नको म्हटलं तरी. आज रिकाम्या हातानं फाटकापर्यंत आली.

"गाडीत जागा नसंल," म्हणाली.

१५ नोव्हें., नवेगावबांध

तळं सुंदर आहे म्हणतात. असेल.

गाडी विश्रामगृहाच्या आवारात. नलिनीशी भांडण. मी म्हणालो, तुला खिचडीची घाई. ती म्हणाली, "आणि फोनवर 'काही करू नको' कोण म्हणालं?" तरी मी बोलतच राहिलो.

बाईला फोन लावला. प्रमिलानं उचलला. "आत्याबाई बांधीत गेल्या." दुपारी पुन्हा. पुन्हा बांधीत. धान तर कधीच कापून झाला.

संध्याकाळी नलिनीनं स्वतःच सायकल सोडवून खाली उतरवली. "उद्या जा. गाडी नको, अंथरूण नको, डबा नको. नेसत्या कपड्यांनी जा. बाईंनी बोलावलं तर मी एसटीनं येईन."

१६ नोव्हें., बाईची ओसरी

वाटेत दोनदा उतरलो. चढ होता म्हणून, असं लिहिलं असतं, पण चढ नव्हता. पुलावर बराच वेळ उभा. काय बोलायचं ते घोकत. नदी तीच, तिच्याकडे धड पाहिलं नाही.

घरी फक्त प्रमिला. पाणी दिलं, तांदूळ निवडत बसली. ऊन कललं तेव्हा बाई आली, डोक्यावर गवताचा भारा. आधी सायकलीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"गाडी?"

"नाई आनली."

"नलिनी?"

"नवेगावले हाये. गाडीत."

"तिले एकटीले टाकून आला?"

हेही चुकलंच. मान खाली घातली.

"अन् तू निजशील कुठी?"

वाटभर घोकलेलं सगळं विसरलो. डोळे मात्र भरले, या वयात. तिनं पाहिलं की नाही, माहीत नाही. भारा गोठ्यात टाकला, पाय धुतले, आत गेली.

नलिनीचा मेसेज : येऊ का? अजून उत्तर दिलेलं नाही. आत चूल पेटलीय. किती जणांचं रांधतेय, इथून कळत नाही.