टिटवीला माझी सवय होते आहे

३ मार्च, सकाळ
बाबांची जुनी टेलिफोटो लेन्स माझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर बसली. मध्ये एक अ‍ॅडाप्टर, बस्स. ऑटोफोकस चालत नाही, हाताने फिरवायचा. उलट बरंच. फोटो माझा असेल, मशीनचा नाही.
आमच्या पाणी तपासणीच्या लॅबमागे खडीवर टिटवीने अंडी घातली आहेत. फोटो कुंपणाबाहेरूनच काढणार. पक्षी उठला तर चूक आपली, हा बाबांचा पहिला धडा. गुडघ्यामुळे ते स्वतः येऊ शकत नाहीत, फोटोची वाट बघताहेत.

४ मार्च
सगळे फोटो हललेले. दादाने विचारलं, ही टिटवी की फेकून मारलेली चप्पल. दुर्लक्ष केलं. दोष उन्हाच्या झळांचा आहे.
कॅमेऱ्याची तिपाई नकोच. उभी करताना खुडबुड होते, टिटवीला त्रास.

५ मार्च
जवळून झळा कमी, म्हणून कुंपणाच्या आत गेले. आत म्हणजे फाटकाला चिकटूनच. टिटवी उठली, डोक्यावरून ओरडत फिरली, परत बसली. बसली, म्हणजे तिची हरकत नाही.

७ मार्च
आज आणखी आत, फाटक आणि अंड्यांच्या मध्ये पडलेल्या रिकाम्या पिंपापर्यंत. मातकट कपडे, मोबाईल सायलेंट, खोकलासुद्धा गिळला. इतकी काळजी कोण घेतं?
मी दिसले की ती आता लांबूनच उठते. ओळख पटली असावी. लॅबमधल्या बाई म्हणाल्या, अगं, तिला सुखाने संसार करू दे. त्यांना सांगितलं, तिला माझी सवय होते आहे. बाई म्हणाल्या, सासूचीही होते म्हणतात.
फोटो: थोडे कमी हललेले. प्रगती.

८ मार्च
बाबांनी विचारलं, किती लांबून काढतेस. लांबूनच, म्हटलं. हे खोटं नाही. मोबाईलवाले याहून जवळ जातात.
तरी उद्यापासून कुंपणाबाहेर. ठरलं.

१० मार्च, दुपार
पिंपाच्या पुढे, खडीवर बसून. संकल्प मोडलेला नाही, फक्त आज झळा फार होत्या. टिटवी आणि तिचा जोडीदार दोघंही पलीकडच्या भिंतीवर. मी निघेपर्यंत कोणी खाली आलं नाही. अंडी उन्हात. अंड्यांना ऊब लागतेच म्हणा.
 

१२ मार्च
सापडलं. अ‍ॅडाप्टर असला की समोर कोणती लेन्स आहे हे कॅमेऱ्याला कळतच नाही, आपण मेन्यूत सांगावं लागतं. माझ्या मेन्यूत ५० मिमी होतं आणि लेन्स ४०० ची. हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेरा आतून सावरतो, पण बिचारा छोट्या लेन्सच्या हिशेबाने सावरत बसला होता. म्हणजे जवळ जायची गरजच नव्हती. म्हणजे यापुढे नाही.

१३ मार्च, संध्याकाळ
कुंपणाबाहेरून काढला. लख्ख. खडा न् खडा वेगळा दिसतो, अंड्यांवरचे काळे ठिपकेसुद्धा. दुपारपर्यंत थांबले. टिटवी आली नाही. बाई म्हणाल्या, परवापासून तिचा आवाजच नाही.
बाबांना फोटो दाखवला. ते खूश झाले, लेन्स अजून ठणठणीत आहे म्हणाले. मग विचारलं, पक्षी कुठे आहे. मी म्हटलं, दोघं खायला गेली असतील. ते म्हणाले, अंडी टाकून दोघं एकदम जात नाहीत.  मग म्हणाले, लेन्स माझ्या कपाटात ठेव.
ठेवली. किल्ली त्यांनी मागून घेतली.