मुक्ताच्या पेटंटची किंमत

तलासरी, ९ जानेवारी २०२५

ती. नयनाताईस सा. न. वि. वि.

हा प्रोग्रॅम नसता तर तुम्ही काय केलं असतं, असं परेशने मला विचारलं आणि त्या क्षणी माझं डोकं फिरलं. (फोन भिंतीवर आपटला, म्हणून पत्र. आईला सांगू नकोस.)

परेश वापीचा, पेटंटची किंमत काढणारा. मुक्ताच्या चिकू निवडायच्या मशीनमध्ये जो प्रोग्रॅम आहे, त्याचं पेटंट एका कंपनीला विकत हवंय. ते विकलं की कैनाड गावात स्वतःचं शेड घालायचं, असं ती दोन वर्षं म्हणतेय. तिच्यासोबत काम करता यावं म्हणून मी कॉलेज सोडलं, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

आता किंमत काढायची तर मशीन बंद असताना किती माल परत येतो, चालू असताना किती, तो फरक मांड आणि जा ना बाबा. पण साहेबांचा हा तिसरा आठवडा. पेटंट टाळून तेच काम करायचं तर दुसऱ्याला किती जड जाईल, ते शोधतोय म्हणे. शोधायला रोज मुक्ताच्या शेजारचीच खुर्ची लागते. दोघं गुजरातीत हसतात. तिने त्याला हायवेवरचं, मडक्यात भाजलेल्या कंदांचं उंबाडियुं आणून खिलवलं. मला आजवर नुसता चहा.

वर म्हणाला, मुक्ताबेनने असं डोकं लावलंय की याला दुसरी वाट सापडणं मुश्कील. झालं. मी घरी बसून दुसरा प्रोग्रॅम लिहिला. तिचा फळ फिरवून सालीचे फोटो वाचतो. माझा फळ न फिरवता, वजन आणि एकाच फोटोवरून कच्चं-तयार ओळखतो. काल दोघांसमोर चालवून दाखवला. परेशने वहीत काहीतरी लिहून घेतलं. मुक्ता मात्र उठून गेली ती परत आलीच नाही. त्याचीच बाजू घेणार, दुसरं काय.

भाओजींना नमस्कार. तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
अनिकेत

भुसावळ, १४ जानेवारी २०२५

चि. अनिकेत यास अनेक आशीर्वाद.

तिळगूळ पाठवलाय. आधी तो खा, मग पुढचं वाच.

मुक्ताचा फोन आला होता. रडली नाही. अनिकेतने मुद्दाम केलं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, मुद्दाम करायला अक्कल लागते. अरे, तेच काम दुसऱ्या रीतीने कुणाला जमत नाही, यातच त्या पेटंटची सगळी किंमत होती. तू ते जमवून दाखवलंस, तेही किंमत काढणाऱ्याच्याच डोळ्यांसमोर. पाहिलं ते अहवालात लिहावंच लागेल, असं त्याने तिला सांगितलंय. शेड गेलं म्हणून समज.

एक उपाय आहे. तुझ्या रीतीचा हक्कही तू तिला दिलास आणि तिने त्याच्याही पेटंटला अर्ज केला, तर दोन्ही वाटा तिच्या हातात येतात. तुझ्याकडे मागायला तिची जीभ रेटत नाही, म्हणून मी मागते.

आणि तिच्या शेजारी कोण बसतं हे मोजायचं काम तुला कुणी दिलं, तेही कळव. रागावले तरी ताईच आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
नयनाताई

तलासरी, २० जानेवारी २०२५

ती. नयनाताईस सा. न. वि. वि.

तिळगूळ पोचला. गोड बोलणं काही जमलं नाही.

आज मुक्ताच्या भाड्याच्या शेडच्या ऑफिसात गेलो. तिला म्हटलं, हक्क देतो, पण परेशने आजच निघायचं. ती शांतपणे म्हणाली, तो उद्या निघतोच आहे, आणि कंपनीपुढे बोलायला तीही सोबत जाणार आहे. मी विचारलं, तुमच्यात काही आहे का. परेश टेबलावरचे कागद आवरू लागला. मुक्ता म्हणाली, तू कधीतरी बोलशील म्हणून दोन वर्षं वाट पाहिली. तू माझ्याशी बोललाच नाहीस, माझ्या शेजारी बसेल त्याच्याशी भांडत राहिलास. आता मला घाई करू नकोस.

म्हणजे आहे की नाही, ताई? मला कळलं नाही.

कागद तयारच होता. हक्क मुक्ताचा, शोध लावणारा म्हणून नाव माझं, परेशने स्वतःच्या हाताने लिहिलेलं. त्याचं अक्षरही चांगलं आहे, जळो. फाडायला उचलला आणि सही केली. तिचं शेड उभं राहायला हवं, त्यात मी नसलो तरी.

या येड्यावर लोभ ठेव म्हणायची लाज वाटते, तरी ठेव.

मुक्ता म्हणाली, चहा घेऊन जा. परेश खुर्ची द्यायला उठला. त्याने उठून दिलेल्या खुर्चीत मी बसणार नव्हतो. बाहेर आलो. दोघं आत होते. दार मीच ओढून घेतलं.

तुझा,
अनिकेत