माझ्या वेळच्या गोधड्या

आबा, माझ्या वेळेला गोधड्या उचलल्या नाहीत तुम्ही. हे आधी सांगते, नमस्काराचं मग बघू. तिसरीपर्यंत शिकवलंत तेवढ्या अक्षरांत लिहिते आहे, चुकलं तर तुमच्याच पदरात घ्या.

मुलाच्या नोकरीपायी मी आता दीपनगरच्या कॉलनीत राहते. इथल्या बायकांच्या भजनाचा सराव हॉलमध्ये चालतो. रिकामा हॉल, लोखंडी खुर्च्या. आवाज असा घुमतो की प्रत्येकीला वाटतं, आपण गायलाच जन्मलो. कार्यक्रमाला थंडीचे दिवस. शाली-स्वेटरं घालून माणसं भरली आणि आमचा आवाज पुढच्या दोन रांगांतच विरला. शेजारीण रडकुंडीला आली. माइकवाला तारा गुंडाळत म्हणाला, "आजी, गळ्याचा दोष नाही. माणसं आवाज पितात. कपडे, गाद्या, सगळं पितं. गादीच्या खुर्च्या येऊ द्या, मग रिकाम्या हॉलमध्येही आवाज असाच बसेल. फसगत तरी व्हायची नाही." बायका हसल्या. मला साक्रीकडचं आपलं देऊळ दिसायला लागलं.

थंडीतला सप्ताह आहे. सभामंडप गच्च, फरशीवर गोधड्या अंथरलेल्या, लोक घोंगड्या पांघरून बसलेत. तुम्ही अभंगाला उठता आणि आधी हुकूम सोडता, "पुढल्या गोधड्या उचला रे. देव समोर शे." लोक मागे सरकतात, भाऊ गोधड्या गोळा करून बाहेर नेतो, दगड उघडा पडतो. मग तुमचा आवाज त्या दगडावरून थेट मागच्या भिंतीला जाऊन भिडतो. मला वाटायचं, अंगाखालच्या गोधड्या देवापुढं नकोत, केवढं सोवळं माझ्या बापाचं. भाऊ गायला तेव्हाही उचलल्या. दुपारी रिकाम्या मंडपात मी अभंग म्हटला होता, तेव्हा गुरव झाडू हातात धरून ऐकत उभा राहिला होता. संध्याकाळी माझी पाळी आली. मधल्या वेळात गोधड्या परत पडलेल्या, बायका लेकरं घेऊन पार माझ्या पायाशी. भाऊ उठला, गोधडीच्या टोकाला हात घातला, तुमच्याकडे बघितलं आणि खाली बसला. मी शिरा ताणून म्हटलं. तुम्ही सगळ्या गावादेखत म्हणालात, "पोर, तुना आवाज मांगे पोचत नही. बस आते." वीणा भावाच्या गळ्यात गेली आणि मी भाकरी थापायला. त्यानंतर घरात कोणी मला गा म्हटलं नाही, सासरी तर नाहीच.

इतकी वर्षं मी समजूत घातली, की बाईच्या जातीला सोवळं कशाला, म्हणून राहिल्या असतील गोधड्या. तेवढं मी गिळलं. पण ते सोवळं नव्हतंच आबा. दगड उघडा ठेवला की आवाज चालतो, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. देवाचं नाव सांगून तुम्ही तुमच्या आणि भावाच्या गळ्याची सोय केलीत, आणि माझ्या गळ्याला नाव ठेवलंत.

हे पत्र पाकिटात जायचं नाही, ट्रंकेत लुगड्यांच्या घडीखाली जाईल. एक मात्र कबूल करते. अजून देवापुढं म्हणायला बसले की आधी सतरंजी गुंडाळते. तुम्ही लावलेली सवय.

उत्तर तुम्ही देऊ नका, तुमचं एकदा ऐकलं तेवढं पुष्कळ झालं. भावानं द्यावं. तुम्ही गेलात, तो अजून धडधाकट आहे. त्यानं इथं यावं, उघड्या फरशीवर बसावं आणि सांगावं, त्यानं बघितलं तेव्हा तुम्ही मान कशी हलवली होती.