बांगड्यांमध्ये ठेवलेली हार्ड डिस्क

पेडणे,
गणपतीवर टांगलेल्या माटोळीची फळे अजून ओसरीवर पडलेली असताना.

चिरंजीव दत्तप्रसाद यास,

सुविधाताईचे आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले आहेत, मनातून आलेले नाहीत, हे आधीच सांगून ठेवते. तू, सौ. गौरवी आणि मुले पुण्यात सुखरूप असाल. असणारच. आपल्या घरातली बिघडलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी पोचवून जो मोकळा झाला, त्याला काय धाड भरणार आहे? इकडे आई बरी आहे. जेवते, अंगणात फिरते, औषधाच्या गोळ्या तुळशीत पुरते. तुझे भावोजी गोकुळदास (नाव घेतले, रागात चालते) बरे आहेत. मी बरी नाही. एवढे सगळे फोनवर का नाही सांगितले म्हणशील, तर फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस. पत्रात तुला बोलता येत नाही.

दोन चवथींमागे तू तो लॅपटॉप घेऊन आलास. येताना गणपतीसाठी साधी केळीची फणी आणली नाहीस, पण हे धूड मात्र दोन्ही हातांनी माझ्या पुढ्यात ठेवलेस आणि म्हणालास, ताई, सोन्यासारखा चालतो. सोन्यासारखा चालत होता तर तू का सोडलास? धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात, म्हणून मी मोजले नाहीत. पण ही गाय धर्माची नव्हती, पुण्याच्या गोठ्यातून हाकलून दिलेली होती. तिचा चार्जर डावीकडे वाकवून खाली काड्यापेटी ठेवली तरच दिवा लागायचा. ‘ह’ उमटायला बोटाने नव्हे, मुठीने दाबावे लागायचे. तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत मुलांना हाताळले म्हणून मी ते यंत्र दोन वर्षे चालवले. दुसरी कोणी असती तर चापोरा नदीत सोडून आली असती.

तरी मी बोलले नसते. बोलते आहे ते आईच्या आवाजासाठी. गेल्या पौषात मांद्र्याच्या आपल्या मांडावर, देवीच्या त्या अंगणात, बायकांनी धालोंची गाणी म्हणत रात्री जागवल्या, तेव्हा आईने शेवटच्या रात्रीचे ते लांब गाणे म्हटले आणि मी ते मोबाईलवर धरले. देवी रानातून निघते, वाड्यावाड्यावर थांबते, तेच गाणे. देवी नदीपर्यंत येते तिथवर सगळ्या बायकांना येते. नदीच्या पुढचे एकट्या आईला येते, बाकीच्यांनी नुसते झेलायचे. शिमगा झाल्यावर आईच्या गळ्याचे ऑपरेशन झाले आणि आवाज गेला, तो गेलाच. ती शाळेत गेली नाही, सही सोडून अक्षर काढता येत नाही, तेव्हा लिहूनही देता येणार नाही. ओठ हलवून सांगू पाहते, तर मला ओ की ठो कळत नाही. म्हणजे नदीपुढचे गाणे जगात एकाच ठिकाणी उरले होते, आणि ते ठिकाण तुझा लॅपटॉप. मोबाईलवर का नाही ठेवले? कारण ‘मोबाईल भरला असेल तर सगळे लॅपटॉपवर टाक आणि मोबाईल साफ कर’ हा सल्ला तुझा. (रोज ऐकत होतीस तर पाठ कसे झाले नाही, असे विचारण्याआधी थांब. आई रोज तिन्हीसांजेला ते लावायची तेव्हा मी आदोळीवर बसून नारळ खवत असायचे. त्या खरवडण्यात काय ऐकू येणार? आणि लॅपटॉपमध्ये आहेच म्हटल्यावर पाठ कोण करतो?)

आई आता स्टीलच्या पेल्याने बोलते. एकदा आपटला तर हो, दोनदा आपटला तर नाही, आणि आपटतच राहिली तर माझे काहीतरी चुकले. धालो पौषात मांडावरच म्हणायचे, एरवी घरात म्हणू नयेत, ही रीत मीच तिला आठवण करून दिली होती. तिने दोनदा पेला आपटला, कानाला हात लावला. म्हणजे ऐकणे वेगळे, म्हणणे वेगळे. तेव्हापासून रोज ती स्वतःचाच आवाज ऐकत बसे आणि एका ठिकाणी श्वास चुकला आहे तिथे दर वेळी कपाळावर हात मारून घेई. बाई आवाज गेल्यावरही स्वतःच्या चुका काढते. तुला मात्र तुझ्या चुका कधी सापडत नाहीत.

चवथीचे विसर्जन झाले आणि लॅपटॉपच्या पोटातून टक-टक सुरू झाली. मी म्हटले पाल असेल. मग पडदा निळा झाला आणि त्यावर एक उदास तोंड आले. तुला फोन लावला. तू म्हणालास, बंद करून चालू कर. केले. बॅटरी काढ, बटण दाबून धर, बॅटरी घाल. केले. मग पेनड्राइव्हवर फाईल उतरवायला घेतली, तर ती हिरवी पट्टी निम्म्यावर जाऊन बसली ती हलेना. तुझे भावोजी मागे उभे होते. त्यांनी हात जोडून गाऱ्हाणे घातले, ‘बा मांडावयल्या देवा, ह्या यंत्राक कोणाची दृष्ट, कोणाची बाधा लागली आसत तर ती दूर कर, म्हाराजा!’ आणि स्पीकरवरून तू ‘होय म्हाराजा’ म्हणालास! तुला कंपनी पगार कशाचा देते रे? बरे, तेवढ्यावर थांबलास का? आम्ही इकडे जीव मुठीत धरून पट्टीकडे बघतोय आणि तू तिकडे मजेत गुणगुणत बसलास. आईने पेला आपटायला सुरुवात केली ती थांबेचना. तिला इतके पेटलेले मी ऑपरेशननंतर पाहिलेले नव्हते. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले आणि मी फोन कापला.

दुसऱ्या दिवशी तू तो थोर उपाय सांगितलास. शिवणयंत्राच्या स्क्रू ड्रायव्हरने लॅपटॉपचे पोट उघड, डिस्क बाहेर काढ, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांध आणि रातभर फ्रीजरमध्ये ठेव, गारव्याने कधीकधी अखेरची जागी होते. जुने लोक करायचे म्हणालास. कुठले जुने लोक? आपल्यात जुने लोक फ्रीजरमध्ये बांगडे ठेवतात. आणि हा चवथ संपल्याचा आठवडा! श्रावणापासून उपाशी राहिलेला तुझा भावोजी म्हापशाच्या बाजारातून काय काय घेऊन आला होता, ते इथे लिहीत नाही. फ्रीजरमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मी डिस्क दोन पिशव्यांत बांधून जागा मिळाली तिथे खोचली. सकाळी तुझे भावोजी बांगडे काढायला गेले आणि तिथूनच ओरडले, ‘अगो, हो बांगडो चौकोनी कसो?’

हे आईने ऐकले. मांडावरचे गाणे, देवीचे गाणे, आणि ते रातभर बांगड्यांमध्ये! पेला असा आपटला की त्याला पोचा पडला. मग तिने तुळशीकडे बोट केले, तांब्याकडे बोट केले, डिस्ककडे बोट केले. शुद्ध करा. मी न्हाणीघरात होते, नाहीतर आडवी पडले असते. आंब्याच्या डहाळीने चार थेंब शिंपडले असते तर एक वेळ चालले असते. पण देवकार्यात तुझ्या भावोजींचा हात सढळ. पिशवी सोडून, डिस्क पाटावर ठेवून, त्यांनी तुळशीतले पाणी ओंजळीने घातले. वर हळदकुंकू लावले. मी बाहेर आले तेव्हा पाटावर ती निथळत बसली होती आणि हे दोघे समाधानाने हात जोडून उभे होते. मग मी ती उकड्या तांदळांच्या डब्यात पुरली. (त्या तांदळांची पेज कोणी खायची यावरून घरात वेगळे भांडण झाले.)

शेवटी म्हापशाला रुद्रेश म्हणून एकजण दुरुस्ती करतो, त्याच्याकडे नेली. केसांना जेल, दुकानात एसी, तोंडाचा पट्टा चालू. त्याने डिस्क हातात घेतली, वास घेतला, कुंकू बघितले आणि म्हणाला, ‘काकी, हिका आतां हार घाला.’ तेवढे म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलू लागला. मी परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. रडले. लिहायला लाज वाटत नाही. चार महिन्यांनी पौष येईल, बायका मांडावर उभ्या राहतील, देवी नदीच्या काठापर्यंत येईल आणि तिथेच उभी राहील. पुढे कशी जाते ते कोणाला ठाऊक नाही. आणि आई समोर बसून ते बघेल, पेला मांडीवर घेऊन.

म्हणून डिस्क पाठवते आहे. तुझ्या त्या मोठ्या पुण्यात अशा डिस्का उघडणारे लोक असतील. त्यांच्या पायऱ्या झिजव, साहेबाची मिन्नत कर, काय वाटेल ते कर. आवाज काढून दिलास तर भाऊ, नाहीतर पुढच्या चवथीला माझ्या दारात नवा, जुना, कसलाही लॅपटॉप घेऊन उभा राहू नकोस. लहान मुलांना पापा. सौ. गौरवीला सांग, तिचा यात काही दोष नाही, तिचे फक्त नशीब फुटके.

रागावलेली,
तुझी सुविधाताई

ता. क. डिस्कसोबत आमटीत घालायची सोलां आणि नव्या काजूंचा पुडा ठेवला आहे. तो गौरवीसाठी आहे, तुझ्यासाठी नाही. डिस्कला बांगड्याचा वास येईल, नाक मुरडू नकोस.

ता. क. २. पाकीट चिकटवले होते, ते पुन्हा उघडले. आत्ता आईने मला हाताला धरून बसवले. फोनकडे बोट केले, भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे केले आणि पेला आपटतच राहिली. मी म्हटले, हो ग, गधडाच आहे तो. तर दोनदा आपटला. नाही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या दिवशी ती रागावली नव्हती, ‘हो, हो, हो’ म्हणत होती. दत्तू, तू फोनवर जे गुणगुणत होतास ते नदीच्या पुढचे होते का रे? लहानपणी सगळ्या धालोंच्या रात्री तू तिच्या पदराखाली झोपायचास. झोपायचास असे आम्हाला वाटायचे. डिस्क पाठवत नाही, इथेच राहू दे, तिला आम्ही हार घालतो. तू ये. पौषात रजा काढ आणि ये. फोनवर गाऊ नकोस, रीत नाही.

ता. क. ३. मांडावर पुरुषाने पाय ठेवायचा नसतो, हे मी आईला सांगितले. चाळिशी उलटली आहे, पोट सुटले आहे, बायका काय म्हणतील, असेही सांगितले. तिने पेला बाजूला ठेवला आणि तळहात जमिनीपासून आपल्या पाटांच्या चळतीएवढा वर धरला. म्हणजे, अजून एवढासाच तर आहे तो.