कबुलीदाराची जागा

कार्थेज, मे महिना संपत आला.

ती. आईंना मुस्तुलसचा नमस्कार. तुमच्या घरी शांती असो.

तुम्ही पाठवलेले सुके अंजीर आणि लोकर मिळाली. माझी तब्येत बरी आहे. बेड्यांच्या जखमा भरल्या, फक्त चढावर घोटे दुखतात. तेलाच्या वखारीतलं काम पुन्हा सुरू केलं आहे. तुमच्या लेकीला, सिद्दिनाला, आपल्या लोकांच्या दफनभूमीत, भिंतीच्या सावलीत ठेवलं. तुम्ही विणलेली शाल तिच्या अंगावर आहे.

लोक मला कबुलीदार म्हणतात ते काय, असं तुम्ही विचारलंत. न्यायासनापुढे विचारतात, तू ख्रिस्ती आहेस का? ‘होय’ म्हणून जो मेला तो साक्षीदार. ‘होय’ म्हणून जो जिवंत परतला तो कबुलीदार. म्हातारे सांगतात, पूर्वी परतलेल्यांनाही साक्षीदारच म्हणायचे. मग त्यांनीच विनवलं, की तो शब्द गेलेल्यांसाठी राहू द्या, आम्ही नुसतं कबूल केलं. तेव्हापासून हे नाव आलं. आता त्यालाही मोठा मान आहे. बायका वाकून माझ्या घोट्यांना ओठ लावतात. मी पाय मागे घेतला की म्हणतात, किती नम्र.

येत्या रविवारी मला मंडळीतल्या वडीलजनांच्या बाकावर बसवणार आहेत. त्यांच्यातले गार्गिलियस सांगायला आले होते.

“तुझ्या डोक्यावर हात ठेवून दीक्षा द्यायचीसुद्धा गरज नाही. बेड्यांनी ते काम केलंय.”

“मला विचारलंच नाही,” मी म्हणालो. “माझी पाळी यायच्या आधी सुटकेचा हुकूम आला.”

“आली असती तर तू काय म्हणाला असतास, ते आम्हाला ठाऊक नाही का?”

ते खूश होऊन गेले.

शेजारची वेस्तिया रोज येते. तिने हुकुमाप्रमाणे त्यांच्या देवांच्या वेदीवर चिमूटभर धूप टाकला आणि घरी आली, म्हणून प्रार्थनेच्या वेळी तिला दाराबाहेर उभं राहावं लागतं. “दादा, तू आता मोठा माणूस,” ती म्हणते. “दोन ओळी लिहून दे ना. कबुलीदाराच्या शब्दावर मला आत घेतील.”

आई, सिद्दिना शांतपणे गेली असं मी मागे लिहिलं. ते खरं आहे. पण तिला न्यायासनापुढे नेलं त्या सकाळचं मी काहीच लिहिलं नव्हतं.

पहारेकऱ्याने तिचं नाव घेतलं तेव्हा मी तिच्या शालीचं टोक धरलं. म्हटलं, नाही म्हण. आईचा विचार कर, म्हातारपणी तिला कोण आहे? खरं तर त्या वेळी तुम्ही माझ्या मनातही नव्हता. मला भीती वाटत होती, ती ‘होय’ म्हणाली तर मलाही म्हणावं लागेल याची. ते बोलायची हिंमत नव्हती, म्हणून तुमचं नाव पुढे केलं.

ती म्हणाली, “आईला खोटं खपत नाही. तुला माहीत आहे की. सोड, शाल फाटेल.”

मी सोडली. ती ‘होय’ म्हणून कोठडीत परत आली. मग पाणी बंद झालं. तहानेने जीव जाईपर्यंत तिने त्या सकाळचा विषय काढला नाही. माझा हात हातात घेऊन पडून असायची. माझं नाव पुकारलं असतं तर काय म्हणायचं, ते माझं ठरलेलं होतं. ते ‘होय’ नव्हतं.

काल हे वेस्तियाला सांगितलं.

“मग माझ्या चिठ्ठीचं काय?” ती म्हणाली. नंतर पदराने नाक पुसलं. “ये मग. दाराशी जागा आहे. सकाळी ऊन असतं, एवढंच.”

आता हे पत्र झालं की गार्गिलियसांकडे जातो. रविवारी मी दाराबाहेर उभा असेन. आत सिद्दिनाचं नाव साक्षीदारांत घेतील, ते तिथूनही ऐकू येतं.

खाली जावई म्हणून सही करतो आहे. तेवढं माझ्याकडे राहू द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

तुमच्या सिद्दिनाचा नवरा,
मुस्तुलस